एकेचाळीस टक्क्यांच्या पुढचं पान

ज्यांच्या घरचं माणूस आज काचेच्या दारापलीकडे नळ्या लावून पडलं आहे, आणि ज्यांना डॉक्टरांनी "आता वाट पाहायची" एवढंच सांगितलं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. वाट पाहताना आत पडलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालतं, ते बाहेरच्यांना कळत नाही. मला थोडं सांगता येईल, कारण मी दाराच्या आतल्या बाजूला होतो. औषधांबद्दल काही सांगणार नाही. ते मला कळत नाही, आणि अर्धवट कळलेलं ठासून सांगायची सवय मी तिथेच सोडून आलो.

मी आंधळगावचा. घर विणकरांचं. आजोबा, बाबा, दोन्ही काका हातमागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणत. घरात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी कोणी न विचारता सांगतो, आजही सांगतो. विषय तत्त्वज्ञान. कॉलेजात त्या विषयाला आम्ही तिघं होतो आणि लायब्ररीत पुस्तकं आमच्याहून कमी. मग समजलं की हक्क संपलेली जुनी पुस्तकं नेटवर फुकट मिळतात. ग्रीक, जर्मन, आपल्याकडची, सगळी इंग्रजीतून. मी उतरवत सुटलो. ज्युनियर कॉलेजात क्लार्क म्हणून लागलो तोवर फोनमध्ये त्रेचाळीस पुस्तकं झाली होती. "अडीच हजार वर्षं खिशात घेऊन फिरतो मी," असं स्टाफरूममध्ये म्हणायचो. त्यातलं एकही मी पूर्ण वाचलेलं नव्हतं. हे पहिल्यांदाच लिहितो आहे.

पेनाची रेघ

धानकापणीचे दिवस होते. एका लग्नातलं जेवण बाधलं, चार दिवस पोट बिघडलं, मग बरं झालं. दोन आठवड्यांनी ऑफिसातून घरी आलो तर बायको म्हणाली, "एक चप्पल कुठी सोडून आले?" मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती कुठे पडली, मला कळलंच नव्हतं.

पायात मुंग्या होत्या. सकाळी घोट्यापर्यंत होत्या. मी क्लार्क माणूस, मला नोंद ठेवायची सवय. मुंग्या जिथे संपत होत्या तिथे पेनानं रेघ मारली. दुपारी पाहिलं, मुंग्या रेघेच्या वर. दुसरी रेघ मारली. संध्याकाळी गुडघ्याच्या वर तिसरी.

बाबा माग सोडून आत आले. "काय करून राहिला बे पायावर?"

"मोजून राहिलो."

"काय मोजतं?"

उठायला गेलो आणि बसल्या जागीच बसलो.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला डॉक्टरांनी रबरी हातोडीनं गुडघ्यावर ठोकलं. पाय उडाला नाही. दुसऱ्या पायावर ठोकलं. तोही नाही. डॉक्टरांचा चेहरा बदलला नाही, पण त्यांनी हातोडी जरा जास्तच हळू टेबलावर ठेवली. तेव्हा मला भीती वाटली. आजाराचं नाव जीबीएस. आपल्याच अंगातली रोगाशी लढणारी फौज आपल्याच नसांवर तुटून पडते, असं त्यांनी समजावलं.

"वर चढते हे," ते म्हणाले. "कुठं थांबेल ते आज सांगता येत नाही. आत्ताच नागपूरला निघा."

"डोक्यात चढते का जी?" मी विचारलं.

"नाही. डोक्याला काही होत नाही ह्यात."

ते एक वाक्य मी मुठीत धरून ठेवलं. ॲम्ब्युलन्स वैनगंगेच्या पुलावर आली तेव्हा नदी पाहावी म्हणून मान उचलायला गेलो. मान उचलली नाही.

आतली बाजू

नागपूरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी श्वास अपुरा पडू लागला. छातीवर कोणी धानाचं पोतं ठेवलं आहे आणि ते हलवायला सांगायलाही आवाज नाही, असं. मला झोपवून घशात नळी घातली, पुढे गळ्याला छेद देऊन तिथे बसवली. जागा झालो तेव्हा माझ्याजवळ डोळे तेवढे उरले होते. तेही वर-खालीच नीट फिरत होते, पापण्या जेमतेम मिटत होत्या.

लोकांना वाटतं असा माणूस बेशुद्ध असतो. तसं नसतं. मला सगळं ऐकू येत होतं. पायावर चादर टोचत होती तेही कळत होतं, पाय बाजूला घेता येत नव्हता. नाकावर माशी बसली तर ती आपण होऊन उठेपर्यंत थांबायचं. कोणी सलाइन बदलताना माझ्या डोक्यावरून घरच्या भाजीच्या गोष्टी करायचं, आणि मला भीती वाटायची की हे मला विसरून निघून जातील.

पण गोंदियाकडच्या एक सिस्टर होत्या. त्या प्रत्येक गोष्ट सांगून करायच्या. "आता कूस बदलते भाऊ, घाबरू नका. आता तोंड पुसते." ओला कापूस ओठांवरून फिरवायच्या. तुमचं माणूस आत असेल तर एवढं करा. हात लावायच्या आधी सांगा.

बायको, वर्षा, आणि बाबा आळीपाळीनं यायचे. चार वर्षांच्या पोरीला आईजवळ आंधळगावला ठेवलं होतं. वर्षानं बोलायची एक रीत काढली. ती क-ख-ग म्हणत जायची. हवं ते अक्षर आलं की मी डोळे वर करायचे. काना-मात्रा ती अंदाजानं लावायची. पहिल्या दिवशी मी "पाठ" एवढं सांगायला किती वेळ घेतला, आणि तिनं 'ठ'चा 'ट' समजून पाठ सोडून पोट चोळलं.

"तुमी इंग्रजीतून सांगत जा ना जी," ती म्हणाली, "तिथी सव्वीसच हायेत." तिचे डोळे सुजलेले होते, पण हसली. मलाही हसायचं होतं. चेहरा हलला नाही.

बाबा आणि पुस्तक

दुपारी दोन ते पाच बाबा बसायचे. माझा फोन त्यांच्या बंडीच्या खिशात असायचा. एका दुपारी त्यांनी तो काढून डोळ्यांसमोर धरला.

"तुयी पुस्तकं हायेत यात. वाचतं का?"

मी डोळे वर केले. सिस्टरना विचारून त्यांनी फोन पलंगाच्या दांडीला पट्टीनं बांधला. मग एकेका पुस्तकावरून बोट सरकवत गेले आणि मी कुठेतरी डोळे वर केले. पुस्तकाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर कोणी ते औषधासारखं वाचायला घेईल, आणि ते तसं नाही. जुनं, अवघड, लांबलचक वाक्यांचं पुस्तक. मन आणि शरीर वेगळे की एकच, एवढ्या एका गोष्टीवर त्या माणसानं सगळं पुस्तक खर्च केलं होतं. कॉलेजात हा प्रश्न मी पाच मार्कांना लिहिला होता. आता त्याचं उदाहरण होऊन पडलो होतो. शरीर नव्हतं. मन होतं. मी आहे, हे मला त्या मनावरूनच कळत होतं. ते आहे तोवर मी बी.ए. झालेला नितेश आहे, नाहीतर पलंगावरचं ओझं.

पान संपलं की मी डोळे वर करायचो, बाबा पान पलटायचे. त्यांची बोटं रेशमानं घासून गुळगुळीत झालेली, फोनला ती समजायचीच नाहीत. त्यांनी बोट जिभेला लावलं.

"बाबाजी!" सिस्टर ओरडल्या. "थुंकी लावता फोनले? इन्फेक्शन होईल ना पेशंटला!"

"मंग तुमीच सांगा, हा फोन मले ओळखत नाही."

त्यानंतर ते ओल्या कापसाला बोट टेकवून पान पलटायचे. अक्षरं मोठी केली होती, त्यामुळे सहा-सात ओळींत पान संपायचं. इंग्रजी त्यांना येत नाही, चौथी शिकलेले. पण खाली कोपऱ्यात आकडा दिसायचा, किती टक्के झालं त्याचा. तो ते मोठ्यानं वाचायचे. "आज एकतीस झालं." "आज छत्तीस." व्हेंटिलेटरचा आवाज ऐकत एकदा म्हणाले, "हे बी मागासारखंच बोलते. खटक, सूं. खटक, सूं." मी वाचता वाचता झोपून जायचो. पुस्तक जिथे थांबवाल तिथेच पुन्हा उघडतं, हे मीच त्यांना कधीतरी मोठेपणानं दाखवलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी एक पुस्तक खरंच वाचत होतो.

हरवलेली पानं

एका दुपारी एकेचाळीस टक्क्यांवर डोळे मिटले. एका हातरुमालाचं उदाहरण चाललं होतं, ते मला पक्कं आठवतं. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं तर चव्वेचाळीस. हातरुमाल कुठेच नव्हता.

झोपेत वाचलं असेल, असं मनाशी म्हणालो. त्या दुपारीही दोन-चार पानं वाचून झोप लागली. त्यानंतरच्या दुपारी आकडा पन्नास. मग अठ्ठावन्न. मग अडुसष्ट.

मी सांगतो, श्वास अडकला तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती. फोन चुकत नाही. जिथे थांबलो तिथेच तो उघडतो. म्हणजे मी ही पानं वाचली होती, आणि त्यातला एक शब्द माझ्या डोक्यात नव्हता. समोरचं पान वाचायचो तर तेही कळेना. "वर दाखवल्याप्रमाणे" असं तो लेखक लिहायचा, आणि वर काय दाखवलं होतं ते मला माहीत नव्हतं. शब्द ओळखीचे, अर्थ नाही.

पेनाच्या रेघा आठवल्या. घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा. त्याच्या वर आता एकच जागा उरली होती.

डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला काही होत नाही. पण डॉक्टर खोटं बोलतात. आपण सगळेच आजारी माणसाशी खोटं बोलतो. माझ्या काकांना मीच शेवटपर्यंत "साधी गाठ आहे" सांगितलं होतं. आता माझी पाळी. सकाळी राउंडला दोन डॉक्टर पायथ्याशी उभे राहून हळू बोलायचे आणि मला वाटायचं, हे तेच बोलताहेत.

मी डोक्यातल्या डोक्यात परीक्षा घेऊ लागलो. पोरीचं नाव. माझा पगारपत्रकातला नंबर. आंधळगावहून मोहाडीला जाताना लागणारी गावं. एकदा एका गावाचं नाव आठवलं नाही आणि मी इतका घाबरलो की मशीन वाजायला लागलं. सिस्टर धावत आल्या. नळी तपासली, छाती तपासली. "काय झालं भाऊ?" मी डोळे वर केले, खाली केले, वर केले. त्याचा काहीच अर्थ होत नव्हता. वेडा माणूस असंच करत असेल, हेही मनात आलं.

मला काय वाटत होतं ते स्वच्छ लिहितो. हात-पाय परत आले नाहीत तरी चालेल, असं मी रोज मागत होतो. पडून राहीन, पुस्तक वाचेन, पोरीचा अभ्यास घेईन. पण डोकं गेलं तर माझ्याजवळ काय राहील? विणकाम मी सोडलं होतं. "माझे हात त्यासाठी नाहीत," असं एकदा बाबांच्या तोंडावर बोललो होतो. मी सगळं डोक्यावर लावलं होतं.

वर्षाची परीक्षा

पाचव्या दुपारी दोघं एकदमच आत आले. सिस्टरनी त्या दिवशी दोघांना सोडलं होतं. बाबांनी खिशातून फोन काढला आणि मी डोळे गच्च मिटायचा प्रयत्न केला. मला तो आकडा पाहायचा नव्हता.

"पाहा ना, हे पुस्तक पाहत नाहीत," वर्षा सासऱ्यांना म्हणाली. "मी सांगत होती मामाजी, डोळ्याले त्रास होते त्यायच्या."

"कालपर्यंत वाचत होता," बाबा म्हणाले.

"तुमचं आपलं पुस्तक, पुस्तक. इथी माणसाचं काय होऊन राहिलं!"

त्या दोघांत असे खटके रोज उडत होते, दोघंही थकलेले होते. मग ती माझ्याकडे वळली आणि क-ख-ग म्हणू लागली. 'ड'ला डोळे वर केले. 'क'ला केले. मग 'ग', मग 'ल'.

"डोकं... गेलं?" ती म्हणाली. "कोनाचं?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिला समजलं. तिनं स्टुल ओढलं, बसली, आणि शाळेतल्या बाईसारखी ताठ झाली.

"पोरीचं नाव सांगा."

सांगितलं.

"तेरा सत्ते?"

ती आकडे म्हणत गेली. नवाला डोळे वर केले. मग एकाला.

"आपल्या लग्नात फोटोवाल्यानं काय घोळ केला होता?"

मला आठवलं. रीळ म्हणजे कार्ड रिकामं निघालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नटून फोटो काढले होते. सांगायला बराच वेळ लागला. "का-र्ड" पर्यंत आलो आणि ती रडायला लागली. "मंग डोकं कुठी गेलं जी तुमचं? तुमचं डोकं माह्यापेक्षा चांगलं चालून राहिलं!"

मी पुन्हा अक्षरं सुरू केली. प. न. "पान." मग य, द. "पान याद नाही?"

पलंगाच्या पायथ्याशी बाबा उभे होते. हातात फोन होता. त्यांचा चेहरा मला दिसत होता, वर्षाला नाही.

"थे पानं मी पलटवली," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"हा निजला का पुस्तक थांबत होतं. मी तीन तीन तास बसून राहो. मंग मी समोर नेलं थोडंसं, रोज."

"तुमाले इंग्रजी येते का, मामाजी?"

"नाही."

"मंग कायले पलटवले?"

बाबांनी फोनकडे पाहिलं. "आपल्यात माग रिकामा ठेवत नाही. मागावरचा मानूस उठला, जेवाले गेला, आजारी पडला, तर दुसरा बसते. कापड थांबू देत नाही. मले वाटलं, याचं काम पडून हाये, त मी बसतो याच्या जागी." मग म्हणाले, "शंभर झालं का पोट्टा घरी येईल, असं मनात धरलं होतं मी."

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. बाबांचा राग यायला नको होता. पण मला आला. पाच दिवसांची भीती अंगात साचली होती, आणि ओरडायला गळा नव्हता. मशीन वाजलं. सिस्टरनी दोघांना बाहेर काढलं.

ते गेल्यावर मी छताकडे पाहत मोहाडीपर्यंतची गावं म्हणून पाहिली. सगळी आठवली. त्या दुपारी मी निवांत झोपलो.

मागे

भीती तेवढ्यानं गेली नाही. मशीन काढायचा प्रयत्न दोनदा फसला. तिसऱ्यांदा जमला. पण बाबा आता फोनला हात लावायचे नाहीत. हात मांडीखाली घेऊन बसायचे. शेवटी मीच वर्षाकरवी अक्षरं पाठवली, ब-ब-प-न: बाबा, पान. तेव्हा बाबा उठले, कापूस ओला केला. अडुसष्टपासूनच पुढे निघालो. न कळणारं वाचलं. मी झोपलो की ते फोन बंद करून खिशात टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी आधी सांगायचे, "मी हात लावला नाही. पाह्यजो."

घरी आलो तेव्हा कुबड्या होत्या, पायाला पट्ट्या होत्या. पुस्तक शंभर झालं नव्हतं. एक्क्याऐंशी. बाबा म्हणाले, "चालते, चालते."

तुम्हाला लवकर बरं व्हायची घाई असेल. माझे पाय दीड वर्षानं माझे झाले, तेही अर्धे. हातांची बोटं मधेच दगा देतात. आजही दुपारी झोपून उठलो की मी आधी पोरीचं नाव मनात म्हणतो, मग डोळे उघडतो. ती सवय गेली नाही. जाईल असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. बोटांना काम द्या, असं व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं. दुपारी बाबा जेवून आडवे झाले होते. मागावर कापड अर्धं होतं. मी कुबडी भिंतीला टेकवली आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो. दहावीपर्यंत सुट्टीत बसायचो, हातांना थोडं आठवत होतं. दोरी ओढली, धोटा पलीकडे गेला. फणी ठोकली. पाय नीट दाबत नव्हता. तासाभरात दोन बोटं कापड झालं, आणि तेही एका बाजूला ओढलं गेलेलं. उठून ओसरीवर जाऊन बसलो.

बाबा उठले, चूळ भरली, मागावर गेले. बराच वेळ खटक ऐकू आली नाही. मी दारातून पाहिलं. ते कापडावर वाकले होते. त्या दोन बोटं कापडावरून अंगठा फिरवत होते, पुन्हा फिरवत होते. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उजेडात उलटसुलट करून पाहिले.

तो चेहरा मी ओळखतो. तो मी आतून पाहिलेला आहे.

"बाबा," मी दारातूनच ओरडलो, "थे मी विणलं. तुमी निजले होते, म्हणून मी बसलो होतो."

त्यांनी वर पाहिलं. हात खाली आले.

"तरीच," ते म्हणाले. "म्हटलं एवढं वाकडं माह्या हातून कसं झालं!"

मला वाटलं होतं, ते ती दोन बोटं उसवतील. त्यांनी धोटा उचलला आणि तिथूनच पुढे विणायला घेतलं.